लुंडेबीतलं एक मत

११ फेब्रुवारी १९२०, बुधवार

काल पहिल्या पट्ट्यात मतदान झालं, जर्मनीत राहायचं की डेन्मार्ककडे जायचं यावर. आज दुपारी पोस्टमननं निकाल सांगितला. टोंडर आणि त्याच्या उत्तरेचा सगळा मुलूख डेन्मार्ककडे जाणार. म्हणजे माझं माहेर जाणार. छप्पन्न वर्षांनी परत.

पोस्टमन खुशीत नव्हता, म्हणून मीही चेहरा सरळ ठेवला आणि विचारलं, "रस्त्यात बर्फ आहे का अजून?"

"आहे," तो म्हणाला. "पण तुमच्या दारातला आज वितळलेला दिसतोय."

आमचं लुंडेबी दुसऱ्या पट्ट्यात येतं. इथलं मतदान १४ मार्चला. इथे काय होणार हे विचारायचीही गरज नाही. या गावात घरोघरी डॅनिशचीच बोली चालते. गाईला त्याच बोलीत हाकतात, नवऱ्याशी त्याच बोलीत भांडतात. देवाशी आणि सरकारशी मात्र जर्मनमध्ये बोलतात, आणि मनानं सगळे जर्मन आहेत. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा हे उमगायलाच मला एक वर्ष लागलं. मला वाटायचं, आपल्याच भाषेत बोलतात म्हणजे आपलीच माणसं.

नवऱ्याला, आस्मुसला, निकाल सांगितला. तो जोड्याला तेल लावत होता. "हं," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "थायगे खूश असेल." थायगे माझा भाऊ. बस, एवढंच. नोव्हेंबरमध्ये फ्रेंचांच्या कैदेतून सुटून आल्यापासून आस्मुस दिवसाला वीसेक शब्द बोलतो. त्यातले आज तीन माझ्या माहेरासाठी खर्चले.

१७ फेब्रुवारी

काल डेटलेफच्या खाणावळीत सभा झाली. डेटलेफ खाणावळ चालवतो आणि माजी सैनिक मंडळाचा अध्यक्षही तोच आहे. फ्लेन्सबर्गहून एक वक्ता आला होता. प्रत्येक जनतेला आपलं भवितव्य आपण ठरवायचा हक्क आहे, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. शब्द चांगले होते. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होते की जनता म्हणजे किती माणसं? एक गाव? एक घर? एका घरातली एक बाई?

सभा संपल्यावर डेटलेफ सगळ्यांसमोर म्हणाला, "बोटिला, तुझ्यासाठी आम्ही वेगळी पेटी ठेवू का? तुझं मत तेवढं एकटं पडायला नको."

सगळे हसले. मीही हसले. "ठेवा की," मी म्हटलं. "आणि तिच्यावर तूच बस. म्हणजे कुणी पळवणार नाही."

त्यावर जास्तच हसले. डेटलेफ वाईट माणूस नाही. युद्धात त्याचे दोन मुलगे गेले. ते जर्मनीसाठी गेले असं धरून चाललं तरच त्याला झोप लागते.

आस्मुस हसला नाही. तो खिडकीशी उभा होता. युद्धाआधी मंडळाचा झेंडा तोच धरायचा. आल्यापासून धरलेला नाही. डावा हात निकामी झालाय, असं सांगतो. पण झेंडा तर उजव्या हातातही धरता येतो.

१ मार्च

माझे वडील आणि आस्मुसचे वडील, दोघंही १८६४ साली द्युब्बेलच्या खंदकांत होते. हे आम्हाला लग्नाच्या जेवणाच्या वेळी कळलं. दोघंही डेन्मार्कच्या राजाचे शिपाई, दोघंही विशीतले. प्रशियाच्या तोफांनी टेकडी भाजून काढली तेव्हा दोघं एकमेकांपासून फार तर दोनशे पावलांवर असतील. लढाई हरले. आमचा सगळा श्लेस्विग प्रांत प्रशियाकडे गेला. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून आमच्या घरात एप्रिलमध्ये, त्या लढाईच्या महिन्यात, कधी गाणं म्हणू दिलं नाही. आस्मुसच्या वडिलांनी मात्र त्याच दिवशी, त्यांच्याच शब्दांत, "चुकीचा कोट अंगावरून उतरवला."

लग्नात दोघं म्हातारे शेजारी बसले. डुकराच्या पायापासून ते तोफांपर्यंत सगळ्यावर बोलले, आणि शेवटी माझे वडील म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही कशाला हरलात आमच्याबरोबर?" सासरे म्हणाले, "हरलात तुम्ही, मी फक्त तिथे होतो."

आता दोघंही नाहीत. त्यांची लढाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. ती आवाज करत नाही एवढंच.

एक गोष्ट मी अजून कुठे लिहिली नाही. आस्मुस फ्रेंचांच्या कैदेत असताना, जे कैदी स्वतःला डॅनिश मनाचे म्हणवतील त्यांना वेगळ्या छावणीत हलवत होते, आणि तिथून लवकर घरी सोडत होते. आमच्या भागातले कितीतरी जण तसे सुटून आले. आस्मुसला नुसतं म्हणायचं होतं, माझी बायको तिकडची आहे. तो म्हणाला नाही. फुटलेल्या तोफगोळ्यांची रानं साफ करत आणखी दहा महिने राहिला. मी ते दहा महिने इथे एकटीनं काढले. तेव्हा तो कुठल्या मनाचा आहे हे मला वेगळं विचारायला नको.

८ मार्च

शेजारची वीबके आली होती. तिची जीभ तिखट आहे, पण आस्मुस नसताना माझं सरपण तिनंच फोडून दिलं होतं. हिवाळ्यात आळीतल्या एकेका घरी बायकांची कॉफी असते, त्यातली शेवटची माझ्याकडे, २१ तारखेला.

"केक-बिस्किटांचे चौदा प्रकार जमतील का या महागाईत?" तिनं विचारलं.

सात मऊ केक, सात कडक बिस्किटं. एक जरी कमी पडला तर बायका घरी जाताना मोजतात.

"जमतील. थायगेनं साखर पाठवली आहे."

"म्हणजे डॅनिश साखर!" ती ओरडली. "मग काय, खाल्ली की आम्ही सगळ्या चरबीचे डेन होणार."

चरबीचे डेन म्हणजे डेन्मार्कच्या डुकराच्या चरबीच्या लोभानं तिकडे मत देणारे. पोरंसुद्धा रस्त्यात ओरडतात हल्ली.

"होशील का?" मी विचारलं.

"केकवर अवलंबून," वीबके म्हणाली. मग जरा गंभीर झाली. "बोटिला, खरं सांग. देणार आहेस का तिकडे? अगं, गावात एक मत निघालं तर ते कुणाचं हे लहान मूलही सांगेल. तुला कोण काय म्हणणार? तू तिकडचीच. पण आस्मुसला इथे जगायचंय."

मी तिला कप भरून दिला.

१३ मार्च, शनिवार

बर्लिनमध्ये म्हणे सैन्यानं सरकार उलथवलं. कुणी म्हणतं पंतप्रधान पळाले, कुणी म्हणतं राजा परत येणार. डेटलेफच्या दारात माणसं उभी होती, पण उद्याच्या मतावर त्याचा काही परिणाम होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. सरकार कुठलंही असलं तरी आपण त्यातलेच, असं त्यांचं म्हणणं. माझ्याजवळ असं काही कधीच नव्हतं. मला नेहमी मोजावं लागतं.

आज सकाळपासून तेच मोजते आहे. माझ्या एका मतानं सीमा बोटभरही सरकणार नाही. ती कुठे जाणार हे ठरल्यासारखंच आहे. वडिलांसाठी मत दिलं तर वडिलांना कळणार नाही, आणि गावाला कळेल. आणि भोगायचं कुणी? ज्यानं तीन वर्षं खंदकात आणि वर्षभर कैदेत काढली त्यानं. शून्य निघालं तर कुणी आस्मुसकडे वळून बघणार नाही. डेटलेफ मला म्हणेल, "काय गं, वेगळी पेटी वाया गेली!" आणि संपेल.

शून्य. हा आकडा मला दिवसभर चांगला वाटतो आहे. त्यात कुणी एकटं नसतं.

आस्मुस शेतावरून आला तेव्हा त्याला म्हणावंसं वाटलं, की मी असं करणार आहे. पण त्यानं "तूच ठरव" म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, आणि "बरं करतेस" म्हटलं असतं तर त्याहून वाईट. म्हणून विचारलं नाही.

१४ मार्च, रविवार

चर्चनंतर सगळे शाळेत गेलो. वर्गात फळ्याशेजारी पडदा लावला होता. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या आणि एक पाकीट. एकीवर डेन्मार्क, दुसरीवर जर्मनी. एक पाकिटात घालायची, बस. देखरेखीला आलेला एक इंग्रज अधिकारी पोरांच्या बाकावर अवघडून बसला होता, गुडघे हनुवटीपाशी.

आस्मुस माझ्या पुढे होता. पडद्यामागे त्याला फार वेळ लागला. मागचे खोकायला लागले. डाव्या हाताच्या बोटांनी पाकीट उघडणं त्याला जमत नाही, मला आत जाऊन मदत करावीशी वाटली. बाहेर आला तेव्हा कानशिलं लाल झाली होती. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, जणू काही मला धीर देत होता. मला बरं वाटलं नाही. तो धीर देत होता एका गोष्टीसाठी आणि मी करणार होते दुसरीच.

आत गेले. जर्मनीची चिठ्ठी पाकिटात घातली. दुसरी मुठीत चुरगाळली. वडिलांची आठवण येईल असं वाटलं होतं. आली नाही. फळ्यावर कुणा पोरानं काढलेलं बदक अर्धवट पुसलेलं होतं, तेच पाहत राहिले.

संध्याकाळी मतमोजणी ऐकायला सगळं गाव पुन्हा शाळेत. मास्तरांनी वाचलं, "जर्मनी, एकशे बेचाळीस." टाळ्या. मास्तर थांबले. "डेन्मार्क, एक."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मला आधी वाटलं मास्तर मोजायला चुकले. मग वाटलं मीच चुकीची चिठ्ठी घातली. पण नाही. चुरगाळलेली माझ्या खिशात होती, मी चाचपून पाहिली, आणि घरी येऊन उघडूनही पाहिली. डेन्मार्क.

म्हणजे या गावात आणखी कुणीतरी आहे.

शेजारून आस्मुसचा आवाज आला, "एकच?"

"एकच रे बाबा," डेटलेफ म्हणाला. "तुला किती हवी होती?"

हशा झाला. आस्मुस माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत अशी नजर मी पाहिली नव्हती. रागावला असता तर समजलं असतं. हे म्हणजे ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि वळलं ते कुणी भलतंच असावं, तसं होतं.

घरी येताना तो चार पावलं पुढे चालला. दारात थांबला. "बोटिला, तू..."

"काय?"

"काही नाही. दिवा लाव."

त्याला वाटतंय ते मत माझं आहे. साहजिक आहे. सगळ्यांनाच वाटतंय.

१५ मार्च

फाटकाला डुकराच्या चरबीचा मोठा तुकडा दोरीनं टांगलेला होता. आस्मुसनं काढला आणि कुत्र्याला घातला. कुत्रा खूश.

१८ मार्च

दुधाची गाडी आमच्या फाटकाशी थांबत नाही. सोमवारपासून कॅन तसेच राहताहेत. मी लोणी काढते, पण किती काढणार?

खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही वाटत नाही. मला दुसराच चाळा लागलाय. कोण असेल? दुकानात, विहिरीवर, चर्चच्या वाटेवर मी एकेकाचं तोंड न्याहाळते. म्हातारा विणकर? तो दरवर्षी बहिणीकडे उत्तरेला जातो. मास्तरांची घरकाम करणारी बाई? ती माझ्याकडे बघून काल हसली, मीही इतकी हसले की ती घाबरून आत गेली. डेटलेफच्या बायकोचासुद्धा मी विचार केला. बावीस वर्षं मी या गावात एकटी आहे असं समजत होते, आणि कुठल्यातरी घरात माझ्यासारखंच कुणीतरी दिवा मालवून बसलेलं असणार. आपण त्याला पाहिलं नाही, त्यानं आपल्याला हाक मारली नाही. आणि जेव्हा त्यानं हाक मारली तेव्हा मी तिथे नव्हते. हे मात्र झोप येऊ देत नाही.

दुपारी वीबके मागच्या दारानं आली. शालीखाली अंडी लपवून. आता माझ्याकडे येणं लपूनच करावं लागतं.

"सांगून टाक की चुकून झालं," ती म्हणाली. "डोळ्यांवर अंधारी आली म्हणावं. चिठ्ठ्या सारख्याच तर दिसतात."

"ते माझं..." मी बोलून गेले. नव्हतं म्हणाले तर? वीबकेच्या पोटात राहणार नाही. उद्या गाव प्रत्येक घराच्या खिडकीतून आत डोकावेल. त्या माणसाला माझ्याशिवाय आडोसा नाही.

"ते माझं काय?"

"ते माझंच," मी म्हणाले. "आणि चुकून नव्हतं."

वीबकेनं माझ्यामागे पाहिलं. आस्मुस बादली घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. बादली खाली ठेवली आणि गोठ्यात परत गेला. आता तर त्याला माझ्या तोंडूनच कळलं. उरलंसुरलंही संपलं असणार.

थायगेचं पत्र आलंय. ईस्टरला गाडी घेऊन येतो, कायमची चल, म्हणतो. तिकडची खोली रंगवायला घेतलीय त्यानं. मी जाईन बहुतेक. आस्मुससाठीच ते बरं होईल.

२१ मार्च, रविवार

हे नीट लिहायला हवं.

चौदाही प्रकार केले. राय धान्याच्या पावाच्या थरांचा केक चांगला फुगला. दिवाणखान्यात चौदा खुर्च्या मांडल्या, त्यातल्या चार चर्चमधून कधी आणलेल्या, परत द्यायच्या राहिलेल्या. तीन वाजले. साडेतीन झाले. समोरच्या रस्त्यानं आळीतल्या बायका ठेवणीतले कपडे घालून डेटलेफच्या बायकोकडे जाताना दिसल्या. वीबके मान खाली घालून सगळ्यात मागे.

मी खुर्च्या परत उचलायला लागले, तेवढ्यात पुढच्या दारावर टकटक झाली.

आमच्याकडे पुढच्या दारानं घरचं माणूस कधीच येत नाही. त्या दारानं नवरी येते, पाहुणे येतात आणि शवपेटी जाते. मी कडी काढली. बाहेर आस्मुस होता. दाढी केलेली, लग्नातला कोट घातलेला, टोपी हातात.

"आमंत्रण आजचंच ना?" तो म्हणाला.

"बायकांना असतं ते."

"चालवून घे."

आत येऊन तो पाहुण्याच्या जागेवर बसला. मी कॉफी ओतली. त्यानं रीतीप्रमाणे सुरुवात केली: आधी पाव, मग मऊ केक, एकेक करून, एकही न वगळता. पाचव्या केकला म्हणाला, "ते माझं आहे."

मला वाटलं कपाबद्दल बोलतोय.

"मत," तो म्हणाला. "ते एक. माझं आहे."

मी बसले.

"मी दोन धरली होती," तो सांगायला लागला. हळूहळू, जड ओझं जिन्यावरून उतरवावं तसं. "एक तुझं, एक माझं. एकच निघालं तर तुला धरतील. दोन निघाली की दुसरा कोण ते शोधत एकमेकांकडे बघत बसतील. वर्ष निघालं असतं त्यात. तोवर विसरले असते."

"मी शून्य धरलं होतं," मी म्हणाले.

त्यानं केक खाली ठेवला. "मला कळलं. त्याच संध्याकाळी. एक म्हणाले तेव्हा."

एक आठवडा. तो एक आठवडा हे घेऊन माझ्याशेजारी झोपत होता. त्यानं माझ्यासाठी मत दिलं, आणि आकडा ऐकून त्याला कळलं की मी तिथे नव्हतेच. आणि मग त्यानं मला वीबकेसमोर ते मत आपलं म्हणताना ऐकलं, कुणाला झाकतेय हे मला माहीत नसताना.

मला भरून यायला हवं होतं. नंतर आलं. आधी आला तो संताप.

"मला विचारायचं नाहीस? तोंड आहे ना तुला?"

"तू विचारलंस?"

"मग छावणीत का नाही सांगितलंस? दहा महिने, आस्मुस! दहा महिने मी या भिंतींशी बोलत होते. एक शब्द तर बोलायचा होता."

त्यानं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "तिथे बोललो असतो तर सुटण्यासाठी बोललो असतो. माझ्या बाजूला निजणाऱ्यांना कुणालाही तुझ्यासारखी बायको नव्हती. त्यांना मागे टाकून, तुझ्या बापाचं नाव सांगून आगगाडीत बसायचं? ते मला विकल्यासारखं वाटलं. शाळेतल्या पडद्यामागे काही मिळणार नव्हतं. म्हणून तिथे जमलं."

"डेन्मार्क हवं होतं का तुला?"

"नाही," तो म्हणाला. "मला कुठलाच देश नको होता. मला एवढंच हवं होतं की तू एकटी पडू नयेस."

मग आम्ही दोघांनी कडक बिस्किटं खाल्ली. सातही. त्याला दात दुखतात म्हणून कॉफीत बुडवून.

२९ मार्च

आस्मुसनं ऐकलं नाही. मी म्हटलं होतं राहू दे, आता जुनं झालं. पण काल खाणावळीत सगळ्यांसमोर जाऊन त्यानं सांगितलं, ते मत माझं आहे, बायकोला त्रास देऊ नका.

कुणी विश्वास ठेवला नाही. डेटलेफच्या डोळ्यांत म्हणे पाणी आलं. "बायकोसाठी स्वतःवर घेतोय," म्हणाला. "असा गडी मंडळात आहे याचा मला अभिमान आहे." त्याला पेला पाजला. पाठ थोपटली.

आज सकाळी दुधाची गाडी थांबली. गाडीवाला मला म्हणाला, "नवरा देवमाणूस आहे तुझा. जरा जाण ठेव."

मी म्हटलं, "ठेवते."

आस्मुस पायरीवर बसून डोकं धरून होता. मला हसू येत होतं आणि त्याला काय होत होतं कोण जाणे. त्यानं आयुष्यात एकदा गावासमोर मन उघडं केलं, आणि त्यांनी ते सभ्यपणे पुन्हा बंद करून त्याच्या हातात दिलं.

५ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

थायगे आला. नवी गाडी, घोड्याच्या कपाळपट्टीला लाल-पांढरी फीत. सगळी गल्ली खिडक्यांमधून बघत होती. त्यानं तिकडचं वर्तमानपत्र आणलं होतं. त्यात चार ओळी: लुंडेबी गावी एकशे त्रेचाळीसांत एकच मत आपलं निघालं, आणि ते एका स्त्रीचं आहे असं कळतं. नाव नव्हतं.

"अख्खं गाव तुझी वाट बघतंय, पोरी," तो म्हणाला. "शाळेतली पोरं गाणं म्हणणार आहेत. खोली तयार आहे. बाबांची खुर्चीसुद्धा तिथेच ठेवलीय."

"थायगे, ते मत मी दिलेलं नाही."

तो आस्मुसकडे बघून हळूच मला म्हणाला, "घाबरू नकोस. मी आहे ना."

"तिनं नाही दिलं," आस्मुस म्हणाला. "मी दिलं."

थायगे हसला. मनापासून, पोट धरून हसला. "तू? आस्मुस, तुझ्या बापानं ऐकलं असतं तर थडग्यात कूस बदलली असती!" मग त्याला दिसलं की आम्ही दोघं हसत नाही, आणि त्याचा चेहरा बदलला. "बोटिला, मग तू कुणाला दिलंस?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण त्याच्याशी खोटं बोलायची सवय नाही मला.

त्यानं कप खाली ठेवला. आतली कॉफी तशीच होती. "बाबा द्युब्बेलला उगाच लढले नव्हते," एवढंच म्हणाला. वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं. जाताना मला जवळ घेतलं, पण रंग ओला असलेल्या दाराला टेकावं तसं. येत्या उन्हाळ्यात आमच्या दोघांमध्ये सीमेचे खांब उभे राहतील. खांब पुरायची सुरुवात झालेलीच आहे, मला आज दिसलं.

गाडी वळणाआड गेली. खिडक्या बंद झाल्या. आस्मुस माझ्याशेजारी उभा होता, टोपी अजून हातातच.

"जायचं होतं का तुला?" त्यानं विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," मी म्हणाले. "फार."

तो टोपीची कड फिरवत राहिला.

"मलाही," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता. मग मी आत गेले, दिवाणखान्यातल्या दोन खुर्च्या आणल्या, आणि आम्ही त्या पुढच्या अंगणात मांडल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना नीट दिसतील अशा. ऊन होतं तोवर तिथेच बसलो. बोलत होतो. तोसुद्धा.